जाळीतल्या हिरव्या पट्ट्या

टाळ्या वाजल्या तेव्हा मी नळी धरून अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. वाजवणारे लोक वाईट नव्हते हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की शेजाऱ्यांनी आमच्यावर डूख धरला होता. तसं काही नाही. आमच्या अंगणाच्या तारेच्या जाळीपलीकडे राहतो तो बेकरीत भट्टीवर काम करणारा एक गृहस्थ आणि त्याची म्हातारी आई, दोघंही मनानं लोण्याहून मऊ. त्या सकाळी माझी बायको वॉकर धरून मागच्या दारातून अंगणात उतरली होती. पडल्यानंतर पहिल्यांदाच. एक पाऊल टाकलं, थांबली, दुसरं टाकलं, मग ओठ आवळून आणखी एक, आणि तेवढ्यात पलीकडून टाळ्या. बेकरीवाल्याच्या जाड, धपधप. म्हातारीच्या बारीक आणि भराभर. वर म्हातारी "शाब्बास गं शाब्बास" असंही म्हणाली, रांगतं मूल उभं राहिलं की आपण ज्या सुरात म्हणतो त्याच सुरात. बायकोनं त्यांच्याकडे बघून रीतसर मान हलवली. हसलीसुद्धा. मग वॉकर फिरवला, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी नळीचं पाणी स्वतःच्याच चपलांवर सोडत उभा राहिलो. आत गेलो तर ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?" ती म्हणाली.

"अगं, त्यांना आनंद झाला."

"झाला असेल. तो त्यांनी त्यांच्या घरात करावा. मी त्या अंगणात आता पाऊल टाकायची नाही."

आमच्या घरात मी 'नाही' म्हणालो तर ती बोलणी सुरू करायची रीत असते. ती 'नाही' म्हणाली की विषय संपतो. लग्नानंतर हे मला फार लवकर कळलं आणि त्यामुळेच आमचा संसार बरा झाला असं मी मानतो. पण या वेळच्या 'नाही'नं नुसता माझा हट्ट मोडला जात नव्हता, तिचा पाय पणाला लागला होता.

ती काही डोंगरावरून पडली नव्हती. स्वयंपाकघरात स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढत होती, मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होतो, आणि मला आधी बरणी फुटल्याचा आवाज आला. खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घालावी लागली. पुढे डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं की हाड उत्तम जुळलंय, आमचं काम झालं, आता उरलंय ते तुमचं. म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. हे शेपूट काही केल्या हलेना. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एक बोळ आणि गरजेपेक्षा जास्त कपाटं. वॉकर बोळात शिरला की अडकायचा, मग ती तो सोडून देऊन टेबल, कपाट, दाराची चौकट असं धरत धरत फिरायची. व्यायाम शिकवायला एक तरतरीत पोरगी यायची. ती एकदा जाताना मला दारात म्हणाली, "काका, काकू हातांनी चालतायत, पायांनी नाही. त्यांना मोकळी जागा हवी, धरायला काही नसलेली. अंगणात आणा. असंच चाललं तर सांधा आखडेल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही." पुढच्या दारी रस्ता, उंच पायऱ्या आणि गाड्या. मोकळी जागा म्हणजे मागचं अंगण. तिथेच ती कशीबशी आली होती, आणि तिथेच माशी शिंकली.

पण खरं सांगायचं तर मला पायापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. ती माझ्याशी सभ्यपणे वागायला लागली होती. पाण्याचा पेला दिला की "तुम्हाला उगीच त्रास" म्हणायची. भाजी करपली तरी "छान झालीय." ही बाई, जी पहिल्या भेटीत माझ्याकडे बघून म्हणाली होती, "तुमच्या शर्टाच्या खिशाखाली एक आडवा धागा सुटलाय, फसवलं तुम्हाला दुकानदारानं." मी तेव्हा नवा कोरा शर्ट घालून, भांग पाडून, मनात चार-दोन बरी वाक्यं जुळवून गेलो होतो. ती गिरणीत कापड तपासायला होती. तिरप्या काचेखाली दिवे लावलेले, काचेवरून कापड सरकत जायचं, वारच्या वार, आणि ही समोर उभी राहून नुसती बघायची. चूक दिसली की हात वर, यंत्रवाला थांबवायचा. मी एकदा तिला न्यायला गेलो असताना दाराशी उभा राहून पाहिलं होतं: पांढरं कापड झरझर वाहतंय, मला त्यात काही म्हणजे काही दिसत नाही, आणि हिचा हात वर जातो. जाऊन पाहिलं तर केसाएवढा धागा एक घर चुकून वरून गेलेला. "अगं, हे कुणाला दिसणार आहे?" मी विचारलं. "मला दिसलं ना," ती म्हणाली. तो हात वर करण्याचा तोरा मला इतका आवडला की तिथेच काय ते ठरून गेलं. पुढे आयुष्यभर मीच त्या काचेवरून सरकत आलो. बटण चुकीचं, हिशेब चुकीचा, दूरच्या काकांशी बोललो तो सूर चुकीचा. मी वैतागायचो, पण त्या वैतागाची मला सवय होती, आपल्या घरच्या उशीची असते तशी. आणि आता ही बाई करपलेल्या भाजीला छान म्हणत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं ते त्यामुळे.

पहिला उपाय मी केला तो चादरीचा. जाळीवर जुनी चादर टांगली. वारा आला, चादर उडाली, आणि पलीकडून म्हातारी आनंदानं ओरडली, "मास्तर, तुमची चादर निघाली, मी लावते हां." तिनं आपल्याकडचे चिमटे आणून ती परत लावली, आणि लावता लावता चादरीवरून मान काढून विचारलं, "बाई आज आल्या नाहीत बाहेर?" बायकोनं खिडकीतून हे ऐकलं आणि खिडकी लावली. करायला गेलो एक, झालं भलतंच. मास्तर म्हणतात ते मी मोटार शिकवतो म्हणून, शाळेतला नव्हे. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याचा आणि एक माझ्या पायाशी, आणि इतकी वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे मी बसमध्ये, सिनेमात, कुणाच्या घरी सोफ्यावर बसलो तरी कुणी जोरात काही केलं की माझा पाय आपोआप जमीन दाबतो. बायकोलाही मी शिकवायला घेतलं होतं. दोन-तीन दिवसांतच तिनं गाडी कडेला लावली आणि म्हणाली, "गाडी तुम्हीच चालवताय. मी नुसतं चाक धरलंय." खाली उतरली, आणि घरापर्यंत पायी गेली, माझ्या पुढे, ताठ, भरभर, मी मागून गाडी रांगवत. त्या दिवशी तिचा मला राग आला होता. आता आठवतं तेव्हा मला फक्त तिची चाल दिसते.

पट्ट्या मला सापडल्या त्या शिकवतानाच. लायसनच्या परीक्षेच्या मैदानाशेजारी टेनिसचं कोर्ट आहे, त्यालाही आमच्यासारखीच तारेची जाळी. माझा एक विद्यार्थी गाडी मागे घेत होता आणि मला आरशात दिसलं की ती जाळी आता जाळी राहिलेली नाही, हिरवी भिंत झालीय. आतून चेंडूचा टप-टप आवाज येतोय, पण खेळणारे दिसत नाहीत. मी एवढा खूश झालो की ब्रेक दाबायचा राहिला आणि पोरानं रबरी खांब आडवा केला. "सर, तुम्ही काही बोलला नाहीत," तो म्हणाला. "तुला डोळे आहेत ना," मी म्हणालो, आणि उतरून जाळीपाशी जाऊन बोटानं खरवडून पाहिलं. प्लास्टिकच्या लांब पट्ट्या, जाळीएवढ्या उंच, तीन बोटं रुंद, तारांच्या विणीतून उभ्या ओवलेल्या. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला उगीच त्रास." मग म्हणाली, "आरपार काही दिसणार नाही?" मी म्हणालो, "मुंगीलाही दिसणार नाही." "मग बघू," ती म्हणाली. 'बघू' हे तिच्या 'नाही'च्या मानानं फार पुढचं स्टेशन आहे. मी तो शब्द दिवसभर जपून ठेवला.

जाळी सामाईक, म्हणून शेजाऱ्याला विचारणं भाग होतं. बेकरीवाला दुपारी कामावरून येतो, अंगाला पावाचा वास, भुवयांवर पीठ. मी जाळीपाशी जाऊन घसा खाकरला आणि सांगितलं की उन्हाचा फार त्रास होतो, तेव्हा जरा आडोसा करावा म्हणतोय. तो जाळीत बोटं अडकवून शांतपणे म्हणाला, "मास्तर, ऊन तुमच्या पुढच्या दाराकडून येतं. इकडून नाही." मी वळून घराकडे बघितलं. "आईनं टाळ्या वाजवल्या म्हणून ना?" "तुम्हीही वाजवल्या," मी म्हणालो. "मीही वाजवल्या," त्यानं कबूल केलं, आणि त्याचा चेहरा इतका पडला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. मग तो म्हणाला, "हे काम एकट्याचं नाही. पट्टी वरून सोडली की मधेच तारेला अडकते, पलीकडून कुणीतरी ढकलायला लागतं. मी ढकलतो." अशा रीतीनं ज्याच्यापासून आडोसा करायचा तोच आडोसा करायला तयार झाला. म्हातारीला त्यानं जोरात, कानाशी वाकून समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे मला आता काही दिसायचं नाही." "नाही, आजी," मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली, "तसंही मला धड दिसत नाही. टाळ्या मी ह्यानं वाजवल्या म्हणून वाजवल्या."

काम सुरू झालं आणि मला ते आवडायला लागलं, हे मी कुणाला सांगितलं नाही. जाळीची वीण साधी असते: एक तार नागमोडी खाली येते, शेजारची तिच्या वळणात अडकते, मधे पतंगाच्या आकाराची घरं. पट्टी वरून सोडायची, ती एका तारेच्या पुढून, दुसरीच्या मागून, पुन्हा पुढून अशी सर्रकन खाली उतरते, तळाशी एक पन्हळ बसवलेली असते तिच्यात टक्कन बसते. ते टक् झालं की जिवाला फार बरं वाटतं. मधे अडली की मी म्हणायचो "जरा डावीकडे," बेकरीवाला पलीकडून बोटानं ढकलायचा, त्याचं पिठाळलेलं बोट पतंगातून माझ्या बाजूला यायचं आणि परत जायचं. आमच्या इतक्या वर्षांच्या शेजारात आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो. पाव फुगतो तो कशानं, गिअर बदलताना धक्का बसतो तो कशानं. तो हळूहळू पट्ट्यांमागे दिसेनासा होत होता आणि आम्ही जास्त जास्त मोकळे होत होतो. चेहरा दिसत नसला की माणूस बरा बोलतो. त्यानं मला सांगितलं की भट्टीपाशी तो एकटा असला की गातो, आणि मी विचारलं, कसं गाता, तेव्हा पट्टीआडून त्यानं दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. आवाज भिकार होता. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, शिकलो होतो. अंगणातला उजेड थोडाथोडा हिरवा होत चालला होता, कुंड्यांवर, नळाच्या ओट्यावर, माझ्या हातांवर. या वयात एखादं नवं काम हातात यावं, अंगावर ऊन असावं, आणि कुणी घाई करत नसावं, याला सुख नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं.

पण त्यातही एक काटा होता आणि तो मला एकट्यालाच टोचत होता. रोज संध्याकाळी किती जाळी झाकली ते मागे सरकून बघताना मनात यायचं, आता एवढीच उरली. ही पुरी झाली की तिच्याकडे सबब उरणार नाही. आणि सबब नसतानाही ती आली नाही तर? आज निदान असं म्हणता येतंय की शेजारी बघतात म्हणून ती येत नाही. उद्या हिरवीगार भिंत उभी असेल, मुंगीलाही दिसणार नाही, आणि ती पलंगाच्या कडेला बसून म्हणेल, छान झालीय हो, तुम्हाला किती त्रास झाला. त्या वाक्याची मला एवढी भीती बसली की माझा हात जड झाला. पहिल्या दिवशी भराभर ओवणारा मी मग चहाला उठायला लागलो, पन्हळीतली माती काड्यांनी टोकरायला लागलो, उगीच एखादी पट्टी पुसत बसायला लागलो. बेकरीवाल्याच्या ते लक्षात आलं असावं, पण तो बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "मास्तर, पावाचं पीठ जास्त तिंबलं तर बिघडतं." मी त्याला म्हणालो की हे प्लास्टिक आहे, पीठ नाही. तो म्हणाला, "ते झालंच."

दरम्यान स्वयंपाकघराच्या खिडकीत एक फरक पडला होता. ती तिथे येऊन बसायला लागली होती. आधी नुसती भाजी निवडायला म्हणून. मग निवडायला काही नसतानाही. खिडकी आधी बोटभर उघडी, मग अर्धी, मग सताड. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिथून आवाज आला, "अहो, ती मघाची पट्टी वेगळ्या लॉटची आहे. हिरवा जरा पिवळ्यात गेलाय." मी वळून बघितलं. मला सगळ्या पट्ट्या सारख्याच हिरव्या दिसत होत्या. "काय फरक पडतो?" मी म्हणालो. "तुम्हाला नाही पडणार," ती म्हणाली. "तुम्हाला निळे मोजे आणि काळे मोजे एकच वाटतात." पट्टी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. किती महिन्यांनी मला शिव्या बसत होत्या. मी ती पिवळट पट्टी काढून टोकाला कुंडीमागे नेऊन लावली, आणि लावताना माझं मलाच हसू येत होतं. त्या दिवसापासून खिडकीतून सूचना सुरू झाल्या त्या थांबल्याच नाहीत. सरळ लावा, ओणवे होऊ नका कंबर धरेल, ती टोपी उतरवा तिच्यात तुम्ही चोर दिसता. भाजीत त्या दिवशी मीठ जास्त पडलं होतं, तेही तिनं सांगितलं. मी पोळीच्या घासाबरोबर ते वाक्य गिळलं आणि मला ते गोड लागलं. पण खिडकी ती खिडकी. खिडकी आणि दार यांच्यामधे आमच्याकडे फक्त एक भिंत आहे, आणि मला ती ओलांडायचा मार्ग सुचत नव्हता. एकदा मी भीत भीत म्हणालो, "बाहेर येऊन बघतेस का, जवळून?" त्यावर ती लगेच सभ्य झाली. "नको. इथून छान दिसतंय." मी कानाला खडा लावला.

आणि मग तो दिवस आला. आदल्या दिवशीच्या चार-सहा पट्ट्या मी अशाच ओवल्या होत्या, डोकं भलतीकडे, हात भलतीकडे. इतक्या थोड्या पट्ट्या उरल्या होत्या की मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बेकरीवाला पलीकडे होता, म्हातारी त्याच्याजवळ खुर्चीत पेंगत होती. मी एक पट्टी वर धरून सोडणार तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"अहो, थांबा."

मी थांबलो.

"एक घर चुकलंय."

"कुठे?"

"डावीकडे. तुमच्या नाही, माझ्या."

"तुझी आणि माझी डावी एकच आहे, आपण दोघं जाळीकडेच तोंड करून आहोत."

"मग सरका ना तिकडे. आणखी. वर. अहो, वर म्हटलं की तुम्ही खाली का जाता?"

मी एका पट्टीवर बोट ठेवलं. ही का? नाही. ही? तिच्या पुढची. ही पुढची? ती मागची झाली. मी जाळीला नाक लावून बघितलं, तर समोर नुसतं हिरवं, तार, हिरवं, तार. दोन घरं मोजली की तिसऱ्याला डोळ्यांपुढे पतंग नाचायला लागायचे आणि मी पुन्हा पहिल्यापासून. मुद्दाम करत नव्हतो, देवाशपथ. मला खरंच दिसत नव्हतं. मला आधी सुचलं असतं तर मी पहिल्या दिवशीच चुकून ठेवलं असतं, पण एवढी अक्कल असती तर काय हवं होतं.

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस," मी वैतागून म्हणालो. "नीट सांग."

"नीटच सांगतेय. आंधळ्यालासुद्धा हाताला लागेल. वरून पाचव्या-सहाव्या घरात तार पट्टीच्या मागे जायला हवी ती पुढून गेलीय, म्हणून खालचं सगळं उलटं पडलंय. अख्खा पन्हा बिघडलाय आणि तुम्ही त्याच्यावर पुढचं विणत चाललाय."

पलीकडून बेकरीवाला समजूतदारपणे म्हणाला, "वहिनी, माझ्या बाजूनं तर बरोबर दिसतंय."

"तुमच्या बाजूनं उलटंच दिसणार, भावोजी," ती म्हणाली. टाळ्यांनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "तुम्ही दोघं मिळून एक आंधळा."

"अगं, राहू दे," मी म्हणालो. "कुणाला दिसणार आहे?"

खिडकी गप्प झाली. मला वाटलं रागावली, आता दिवसभर सभ्य वागणार, आणि स्वतःच्या जिभेला मनात दोन शिव्या घातल्या. तिला रागावू द्यायचं नव्हतं म्हणून मी पुन्हा नेटानं शोधायला लागलो, उजव्या हातात ती नवी पट्टी तशीच उभी, डाव्या हाताचं बोट तारांवरून खाली खाली. पुढून, मागून, पुढून, मागून. म्हातारी पलीकडे हळूच घोरत होती. पुढून, मागून. आणि माझ्या कानाशी, अगदी खांद्याला लागून, कुणीतरी म्हणालं, "बाजूला व्हा."

एक हात माझ्या गालाजवळून पुढे गेला आणि बोट जाळीवर टेकलं. "हे," ती म्हणाली. "हे काय आहे?"

मला दिसलं. तार पट्टीवरून गेली होती, एक घर सोडून, आणि तिथून खाली सगळी ओळ बिनसलेली होती. आता दिसल्यावर ती एवढी ढळढळीत होती की आधी कशी दिसली नाही याचं नवल वाटावं. मी त्या चुकीकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात मात्र खिडकीपासून इथपर्यंतची वाट उलगडत चालली होती: स्वयंपाकघराचा उंबरा, बोळ, मागचं दार, दाराची पायरी, नळाच्या ओट्यापाशी कायम ओली असणारी फरशी, मग सबंध अंगण, ज्यात धरायला काही म्हणजे काही नाही. वॉकरचा आवाज झाला नव्हता. तो खट-खट आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे पाहिलं. दार उघडं, दारात कुणी नाही, काही नाही. माझ्या छातीत असा काही लोट आला की मला वाटलं मी आता मोठ्यानं हसेन किंवा रडेन आणि दोन्हींत सगळं मातीत जाईल. तिच्या पायांकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं. तिचा कोपर माझ्या कोपरापासून वीतभर होता. तो धरावा म्हणून माझा हात शिवशिवत होता, आणि मी दोन्ही हातांनी ती पट्टी घट्ट धरली, इतकी की ती वाकली. मला आनंद झाला होता, साधा, बेअक्कल आनंद, आणि तो मला लपवायचा होता. आयुष्यात मला कधी एवढं अवघड काम पडलं नव्हतं.

"मास्तर, सापडली का?" पलीकडून बेकरीवाल्यानं विचारलं. हिरव्याआड त्याला काही दिसत नव्हतं.

"सापडली," मी म्हणालो. माझा आवाज जरा वरच्या पट्टीत गेला.

"मग थांबलात का?"

"तपासणी चालू आहे."

"मला नाही दिसत अजून," मी तिला म्हणालो. धादांत खोटं.

"अहो, हे बघा, हे," ती चिडून म्हणाली आणि बोटानं ती तार खालपर्यंत दाखवत गेली. त्यासाठी तिला थोडं वाकावं लागलं, थोडं बाजूला सरकावं लागलं, आणि ती सरकली. तिच्या श्वासाला धाप होती. कपाळावर घाम होता. डोळे मात्र तेच, दिव्यांच्या काचेपुढचे, आणि त्या डोळ्यांना या घटकेला एक चुकलेली तार सोडून जगातलं काही दिसत नव्हतं, मी नाही, अंगण नाही, स्वतःचा पायसुद्धा नाही. "बघत काय उभे राहिलात? काढा ती."

मी हातातली पट्टी खाली ठेवली आणि ती चुकलेली ओढून काढली, अगदी सावकाश. मग तिच्या शेजारची, कारण तीही हिच्यामुळे तिरकी झाली होती असं तिचं म्हणणं पडलं. मग तिच्या पलीकडची. ती सगळं तपासत होती, मान हलवत होती, माझ्या नावानं खडे फोडत होती, आणि पतंगातून बेकरीवाल्याची पिठाळ भुवई मला दिसली, मग त्याचा डोळा दिसला, तो डोळा मोठा झाला, आणि भला माणूस तो, चटकन पाठ फिरवून उभा राहिला. मी पुढच्या पट्टीला हात घातला. ती सरळ होती, नीट बसली होती, तिच्यात काही चूक नव्हती हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. मी तीही काढली.

"ही कशाला काढली?" ती म्हणाली, आणि बघायला आणखी एक पाऊल पुढे आली.